पॅरिशचं नाव आधी, पणजीचं नंतर

वाचकांचं पत्र : लग्नानंतर मी स्कॉटलंडमध्ये डंडीला स्थायिक झाले. सासूबाईंना त्यांच्या पणजीचा शोध घ्यायचा आहे. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर पैसे भरून आतापर्यंत एवढं हाती आलं. पणजीचं लग्न १८६९ मध्ये डंडीत, तिचे वडील हातमागावर विणकाम करणारे. मुलीचा जन्म १८८० चा, लॉखी भागातला. पणजी ज्यूट गिरणीत कामाला. १८७१ आणि १८८१ च्या जनगणनेत तिचं जन्मस्थान किरीम्यूर हे स्कॉटलंडमधलंच गाव आहे, १८९१ मध्ये मात्र आयर्लंड. त्याच वर्षी नवरा घरात नाही, तरी तिच्या नावापुढे ‘विवाहित’ लिहिलंय. मृत्यू १८९९ मध्ये डंडीच्या ईस्ट पुअरहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांसाठीच्या आसरागृहात. तिच्या जन्माची नोंद कुठेच मिळत नाही. आता शहरातल्या आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्यात, जावं म्हणते, पण तिथे जाऊन मागायचं काय? आमच्याकडे नाशिकला क्षेत्रोपाध्यायांना आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात, तसं काही इथे असतं का? रजा दोनच दिवसांची मिळेल. एडिंबरालाही जावं लागेल का? आणि सासूबाईंना बरोबर नेऊ का?

स. न. वि. वि.

नाशिकची वही मुळात कुळासाठीच लिहिलेली असते, म्हणून तिथे आडनाव आणि गाव पुरतं. आर्काइव्हमधलं दप्तर कुणाच्या वंशावळीसाठी लिहिलेलं नाही. पॅरिशच्या (म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या स्थानिक कारभाराच्या विभागाच्या), नगरपालिकेच्या, शाळामंडळाच्या कारकुनांनी आपापलं काम भागवायला ते लिहिलं, आणि आजचा कॅटलॉगही त्याच कचेऱ्यांच्या नावांनी लागलेला असतो. त्यात पणजीचं नाव टाकून शोधलंत तर बहुधा काहीच येणार नाही. बरेच जण इथेच ‘आमचं काही नाही’ म्हणून परत फिरतात, आणि नोंद मात्र कपाटात तशीच पडून राहते.

म्हणून प्रश्न वेगळा विचारा. पणजीमुळे कोणत्या वर्षी, कोणत्या कचेरीला खिशात हात घालावा लागला? किंवा तिच्याकडून कोणाला काय वसूल करायचं होतं? तुमच्या पत्रात याचं उत्तर आहेच. पुअरहाऊसमध्ये वारलेल्या बाईचा खर्च कुठल्या तरी पॅरिशने उचलला होता, आणि स्कॉटलंडमधली पॅरिश एक शिलिंगसुद्धा चौकशीशिवाय सोडत नसे. ती चौकशी म्हणजे तुमचा कागद.

गरिबांच्या मदतीसाठीच्या १८४५ च्या पुअर लॉ कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये पॅरोकियल बोर्ड नावाचं मंडळ आलं आणि त्याच्या हाताखाली इन्स्पेक्टर ऑफ पुअर नावाचा अधिकारी. १८९४ च्या कायद्यानंतर बोर्डाची जागा पॅरिश काउन्सिलने घेतली. मदत मागणाऱ्याचा अर्ज नोंदवला जाई, इन्स्पेक्टर घरी जाऊन पाहून येई, आणि मग ठरे काय ते. धडधाकट माणसाला स्कॉटलंडच्या कायद्यात मदतीचा हक्क नव्हता. आजारी, म्हातारे, अपंग, पोरकी मुलं आणि लहान मुलं पदरी असलेल्या बायका हेच मुख्यतः या वह्यांमध्ये दिसतात. बहुतेकांना पुअरहाऊसमध्ये धाडलं जात नसे, घरबसल्या आठवड्याला थोडे पैसे मिळत. तेव्हा पणजी शेवटी पुअरहाऊसमध्ये गेली म्हणून फक्त त्याचं रजिस्टर बघून थांबू नका. तिचा पहिला अर्ज त्याआधी कित्येक वर्षांचा असू शकतो, आणि नवरा दिसेनासा झाल्यानंतरची, म्हणजे १८८१ ते १८९१ ही वर्षं त्यासाठी सगळ्यात संभाव्य.

वह्या तीन प्रकारच्या असतात आणि तिघींची नावं पाठ करून जा. ‘रेकॉर्ड ऑफ ॲप्लिकेशन्स’मध्ये आलेला प्रत्येक अर्ज असतो, नाकारलेलासुद्धा. ‘जनरल रजिस्टर ऑफ पुअर’मध्ये ज्यांना मदत सुरू झाली तेच येतात, पण तिथे एकेका माणसाला मोठी जागा दिलेली असते आणि पुढची कित्येक वर्षं त्याच पानावर भर पडत जाते. ‘चिल्ड्रन्स सेपरेट रजिस्टर’ हे आईबापांविना पॅरिशच्या गळ्यात पडलेल्या मुलांचं. याशिवाय बोर्डाच्या सभांची मिनिट्स, म्हणजे कार्यवृत्तं. त्यांत नावं येतात, पण सूची नसते, म्हणून ती शेवटी.

जनरल रजिस्टरचं एक पान कसं असतं ते सांगतो, म्हणजे समोर आल्यावर गांगरायला होणार नाही. मोठ्या आडव्या पानावर छापील रकाने. डावीकडे नाव, राहण्याची जागा, वय, जन्मस्थान, विवाहित की विधवा, धंदा. मग अपंगत्व ‘पूर्ण’ की ‘अंशतः’ आणि ते कशामुळे, इथे ‘छातीचा विकार’ किंवा ‘नवऱ्याने सोडलेली’ अशी दोन शब्दांत नोंद. पुढे अवलंबून असलेल्या मुलांची नावं आणि वयं. अर्जाची तारीख, इन्स्पेक्टरच्या भेटीची तारीख, मंजूर रक्कम. आणि मग तुमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा रकाना : सेटलमेंट.

सेटलमेंट म्हणजे या बाईचा भार कायद्याने कोणत्या पॅरिशवर, याचा निवाडा. ती जन्माने मिळे किंवा एखाद्या पॅरिशमध्ये सलग राहून मिळे. ही मुदत १८४५ च्या कायद्याने पाच वर्षं होती, १८९८ मध्ये ती तीनवर आली. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याची सेटलमेंट लागे, त्यामुळे बायकोच्या अर्जावर नवरा कुठला आणि त्याचा बाप कुठला याचीही चौकशी होई. सेटलमेंट दुसऱ्या पॅरिशची निघाली की डंडी आपला खर्च त्या पॅरिशकडून मागून घेई. आयर्लंडमध्ये जन्मलेल्याला इथे सेटलमेंट नसेल तर परत पाठवणीची टांगती तलवार असे. म्हणजे जन्मस्थान चुकीचं लिहून कोणालाच परवडत नव्हतं. जनगणनेच्या गणकाला किरीम्यूर काय आणि आयर्लंड काय, सारखंच. इन्स्पेक्टरला तो पैशाचा प्रश्न होता. जन्मस्थानाबाबत दोन कागद भांडत असतील तर आम्ही डोळे झाकून पुअर लॉच्या बाजूने उभे राहू.

१८९१ मधलं आयर्लंड कुठून आलं असावं? जनगणनेची जी वही आज आपण पाहतो ती घराघरांतून भरून आलेल्या कागदांवरून गणकाने उतरवून काढलेली प्रत आहे. मूळ कागद जपले गेले नाहीत. उतरवताना वरच्या ओळीशी जुळणाऱ्या माहितीसाठी ‘डू.’ (‘डिट्टो’, म्हणजे वरीलप्रमाणे) अशी खूण करायची पद्धत होती. वरच्या ओळीत आयर्लंडहून आलेली भाडेकरीण असेल आणि गणकाचा हात सवयीने ‘डू.’वर गेला असेल, तर तुमची पणजी एका खुणेसरशी आयरिश झाली. लॉखीत आयरिश गिरणीकामगारांची वस्ती इतकी दाट होती की त्या भागाला ‘लिटल टिपररी’ म्हणत, तेव्हा अशी चूक होणं अगदी सोपं. ते पान पुन्हा उघडा, तिच्या आधीच्या चार ओळी बघा.

आता पॅरिश. इथे भले भले घसरतात. लॉखी आज डंडीत आहे आणि १८५९ पासून ते डंडी शहराच्या हद्दीतच होतं, पण पॅरिश म्हणून ते लिफ अँड बेन्व्हीमध्ये मोडत होतं. लिफ अँड बेन्व्हीचं स्वतःचं पॅरोकियल बोर्ड होतं, स्वतःचं पुअरहाऊसही होतं. १८७९ मध्ये दोन्ही पॅरिशची व्यवस्था एकत्र आली आणि मग पुअरहाऊसं ईस्ट आणि वेस्ट अशी ओळखली जाऊ लागली. म्हणजे १८७९ च्या आधीचा अर्ज शोधायचा असेल आणि त्या वेळी ती लॉखीत राहत असेल, तर डंडीच्या वह्या चाळण्यात सकाळ फुकट जाईल. आधी तिचा दर दहा वर्षांचा पत्ता कागदावर मांडा, प्रत्येक पत्त्यापुढे पॅरिश लिहा, मगच वह्या मागवा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे विनामूल्य आहेत. डंडीचा १८७० च्या सुमाराचा नकाशा इतका मोठ्या प्रमाणावर काढलेला आहे की गल्लीबोळ आणि अंगणंसुद्धा ओळखू येतात.

काउंटीच्या नावानेही गोंधळ होतो. किरीम्यूर ज्यात येतं आणि तुम्ही आज ज्याला अँगस म्हणता ते १९२८ पर्यंत सरकारी कागदांत फॉर्फरशायर होतं. कॅटलॉगमध्ये दोन्ही नावं टाकून बघा.

आता ‘दोन पॅरिश’ची युक्ती. रजिस्टरमध्ये सेटलमेंट किरीम्यूरची निघाली तर डंडीने किरीम्यूरला पत्र घातलं असणार, आणि किरीम्यूरने ते मान्य करण्यापूर्वी आपल्या बाजूने चौकशी केली असणार. तिच्या आईबापांची, ते कुठल्या शेतावर किंवा कुठल्या गल्लीत राहत त्याची माहिती किरीम्यूरच्या रजिस्टरात किंवा मिनिट्समध्ये सापडू शकते, जी डंडीच्या वहीत मुळीच नसेल. किरीम्यूरचं दप्तर डंडीत शोधू नका. त्यासाठी अँगस आर्काइव्ह्ज. तिथे आधी ईमेलने विचारा की किरीम्यूर पॅरोकियल बोर्डाची कोणत्या वर्षांची रजिस्टरं शिल्लक आहेत. सगळ्या पॅरिशच्या वह्या टिकलेल्या नाहीत. ग्लासगोचं नशीब थोर. तिथल्या मिचेल लायब्ररीत असलेल्या सिटी आर्काइव्हजमध्ये ग्लासगो, बॅरनी आणि गव्हन या पॅरिशचे दहा लाखांहून अधिक अर्ज आहेत आणि त्यांतल्या मोठ्या भागाची नावनिशीवार संगणकीय सूची आहे. ते पाहून आलेला माणूस बाकी ठिकाणीही तसंच असेल असं धरून चालतो आणि हिरमुसतो. डंडीत फ्रेंड्स ऑफ डंडी सिटी आर्काइव्ह्ज या स्वयंसेवी मंडळाने पुअरहाऊसच्या आणि हाउफ दफनभूमीच्या काही नोंदींच्या सूच्या करून ऑनलाइन फुकट ठेवल्या आहेत. त्या घरूनच बघून घ्या. मात्र सूचीत नाव नाही म्हणजे वहीत नाही असा अर्थ काढू नका, सूची ठरावीक वर्षांपुरतीच असते.

जन्मनोंद का सापडत नाही? स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्ममृत्यू नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. तुमची पणजी त्याआधीची, म्हणून तुम्ही शोधलंत ते चर्च ऑफ स्कॉटलंडचं जुनं पॅरिश रजिस्टर. त्यात नोंद करणं आईबापांच्या मर्जीवर असे आणि अनेकांनी ती केलीच नाही. शिवाय १८४३ मध्ये त्या चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च वेगळं झालं. विणकरांच्या गावांत तर त्याआधीपासूनच फुटून निघालेल्या मंडळ्या होत्या. ती १८४८ च्या आसपास जन्मली असेल तर तिचा बाप्तिस्मा यांच्यापैकी कुठल्या तरी रजिस्टरात असू शकतो. एडिंबरामधल्या नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड या राष्ट्रीय आर्काइव्हमध्ये प्रस्थापित चर्चची, म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंडची कागदपत्रं ‘सीएच२’ आणि बाकीच्या प्रेस्बिटेरियन चर्चची ‘सीएच३’ या खुणेखाली लावलेली आहेत. त्यांतली पुष्कळशी स्कॉटलंड्सपीपलवर ‘व्हर्च्युअल व्हॉल्यूम्स’ या विभागात आली आहेत आणि तिथे पानं नुसती पाहायला पैसे पडत नाहीत. नावाने शोध लागत नाही, वही उघडून एकेक पान उलटावं लागतं, एवढंच. सोफ्यावर बसून दोन संध्याकाळचं काम. कुटुंब कॅथलिक निघालं तर कॅथलिक रजिस्टरं त्याच संकेतस्थळावर वेगळ्या शोधखिडकीत आहेत. जुन्या पॅरिश रजिस्टरच्या शोधात ती येत नाहीत.

तीच सीएच२ची वही उघडली आहे तर कर्क सेशनची मिनिट्सही चाळा. कर्क सेशन म्हणजे पाद्री आणि वडीलधाऱ्यांची मंडळी, आणि गावातल्या लोकांच्या वागणुकीवर यांचं बारीक लक्ष. लग्नाआधी दिवस गेलेल्या बाईला तिथे बोलावून बापाचं नाव विचारलं जाई. बाप्तिस्म्याची नोंद नाही आणि इथे मात्र मूल, आई, बाप तिघांची नावं तारखेसह, असं बऱ्याचदा होतं. १८४५ च्या आधी गरिबांना मदतही हेच लोक देत.

थोडक्यात, एडिंबराला तूर्त जाऊ नका. जावं लागलंच तर ते शेरिफ कोर्टाच्या, म्हणजे स्थानिक न्यायालयाच्या कागदांसाठी, कारण ते बहुतांशी नॅशनल रेकॉर्ड्सकडे आहेत. नवऱ्याने टाकून दिलं म्हणून पॅरिशने त्याच्यावर खटला भरला असेल तर त्याचा धागा आधी पुअर लॉच्या वहीत लागेल. तो लागेपर्यंत रेल्वेच्या तिकिटाला पैसे घालू नका.

नावाबद्दल दोन शब्द. लग्नानंतरही स्कॉटलंडच्या कायदेशीर कागदांत बाईचं माहेरचं आडनाव कायम राही. दोन्ही आडनावं मध्ये ‘ऑर’ (किंवा) घालून लिहिली जात. पुअर लॉच्या सूचीत ती माहेरच्या आडनावाखाली असेल किंवा सासरच्या, आणि एकाच वहीत दोन कारकुनांनी दोन रीती पाळलेल्या दिसतात. दोन्ही अक्षरं बघा. आडनाव ‘मॅक’ने सुरू होत असेल तर ‘एम’ आणि वर उलटा स्वल्पविराम एवढंच लिहून पुढचं नाव जोडायची पद्धत होती, आणि अशा नावांचा गठ्ठा सूचीत कधी ‘एम’च्या सुरुवातीला, कधी शेवटी लावलेला असतो. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र फार विसंबू नका. पुअरहाऊसमधल्या मृत्यूची माहिती बऱ्याचदा तिथल्या अधिकाऱ्याने दिलेली असते, त्याला आईबापांची नावं कशी ठाऊक असणार? तिथे ‘विधवा’ असं लिहिलेलं असेल तर तोही त्याचाच अंदाज असू शकतो. तिच्या आईबापांसाठी १८६९ चा लग्नाचा दाखलाच धरा, तो तिने स्वतः सांगितलेला आहे.

डंडी सिटी आर्काइव्ह्जला जाण्याआधी ईमेल करा आणि जागा राखून घ्या. थेट जाऊन उभं राहिलं तर बसायला टेबल नसेल किंवा वह्या दुसऱ्या इमारतीत असतील. ईमेलमध्ये कहाणी नको. ‘माझ्या सासूबाईंच्या पणजीबद्दल जे असेल ते हवं’ असं लिहिलंत तर उत्तरात माहितीपत्रक येईल, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. असं लिहा : या बाईचं माहेरचं आणि सासरचं आडनाव हे, जन्म १८४८ च्या सुमारास, १८८१ आणि १८९१ ला लॉखीत या पत्त्यावर, मृत्यू अमुक तारखेला ईस्ट पुअरहाऊसमध्ये. स्कॉटलंड्सपीपलवरचे दाखले आणि जनगणना पाहिल्या आहेत. डंडी आणि लिफ अँड बेन्व्ही या दोन्ही पॅरिशची जनरल रजिस्टर ऑफ पुअर आणि रेकॉर्ड ऑफ ॲप्लिकेशन्स १८६९ ते १८९९ या काळातली कोणती शिल्लक आहेत, त्यांना सूची आहे का, आणि अमुक दिवशी ती बघता येतील का? सहा-सात ओळी झाल्या. काय बघून झालंय ते सांगितलं की आर्काइव्हिस्ट तुम्हाला तेच परत सुचवत नाही, आणि तिचा वेळ पुढच्या प्रश्नाला जातो.

वाचनकक्षाचे नियम सगळीकडे साधारण सारखे. पेन चालत नाही, शिसपेन्सिल न्या. पिशवी, कोट, पाण्याची बाटली लॉकरमध्ये. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ असू द्या. हातमोजे लागतात हा टीव्हीने पसरवलेला समज आहे. कागदाला मोज्यांनी उलट इजा होते, स्वच्छ कोरडे हात हवेत. जाड वही फोमच्या उतारावर ठेवून उघडायची आणि पान दाबायला कापडी वजनं मिळतात, कोपर टेकवायचं नाही. मोबाइलने फोटो काढायला बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते, काही ठिकाणी दिवसाचं शुल्क असतं, फ्लॅश कुठेच नाही. प्रत्येक वहीचा पहिला फोटो तिच्या मागणीचिठ्ठीचा काढा, ज्यावर संदर्भ क्रमांक आहे. दुसरा वहीच्या पाठीचा. मग पानं. हे केलं नाही तर घरी आल्यावर शंभर फोटो असतात आणि कुठलं पान कुठल्या वहीतलं ते देवाला ठाऊक. आडवं पान असेल तर आधी पूर्ण पानाचा एक, मग डावा आणि उजवा भाग वेगळा. नुसत्या तिच्या ओळीचा फोटो काढू नका, रकान्यांची शीर्षकं त्यात यायलाच हवीत.

अक्षर १८७०-८० चं आहे, फार त्रास देणार नाही. सतराव्या शतकातलं ‘सेक्रेटरी हँड’ वळण हा वेगळा अभ्यास, त्याची तुम्हाला आत्ता गरज नाही.

पुअर लॉनंतर हातात वेळ उरला तर व्हॅल्युएशन रोल. १८५५ पासून १९८९ पर्यंत दरवर्षी प्रत्येक मिळकतीची यादी झाली, मालक, भाडेकरू आणि वार्षिक भाडं यांसह. जनगणना दहा वर्षांनी एकदा, हा दरसाल. स्कॉटलंड्सपीपलवर नावाने शोधता येतात ते ठरावीक वर्षांचेच, म्हणजे १८८५, १८९५ असे. मधली वर्षं स्थानिक आर्काइव्हमध्ये किंवा एडिंबराला. नवरा नक्की कधी गेला ते यावरून कळेल. एका वर्षी घर त्याच्या नावावर, पुढच्या वर्षी तिच्या, की काम झालं. दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्या. भाड्याचं वर्ष मे महिन्यातल्या व्हिट्सनडेपासून धरलं जाई आणि गरिबांच्या बिऱ्हाडांची हलवाहलव त्याच सुमारास होई. म्हणून १८८६-८७ चा रोल हा मे ते मे समजा, जानेवारी ते डिसेंबर नाही. आणि वर्षाला चार पौंडांहून कमी भाड्याच्या खोलीतल्या भाडेकरूचं नाव लिहिणं बंधनकारक नव्हतं. एखाद्या वर्षी ती गायब झाली तर घाबरू नका, कदाचित स्वस्त खोलीत गेली असेल.

१८८० मध्ये जन्मलेल्या मुलीसाठी शाळेची प्रवेशवही बघा. १८७२ च्या शिक्षण कायद्यानंतरची रजिस्टरं बऱ्याच ठिकाणी टिकली आहेत. त्यांत जन्मतारीख, पालकाचं नाव, पत्ता, आधीची शाळा आणि सोडल्याचं कारण येतं. पालक म्हणून आईचंच नाव असेल तर ते कोणत्या तारखेपासून, हे महत्त्वाचं. डंडीत मुलं अर्धा वेळ गिरणीत आणि अर्धा वेळ शाळेत जात, त्यांना ‘हाफ-टायमर’ म्हणत. हा शेरा नावापुढे दिसला तर घरात पैशांची ओढाताण कधी सुरू झाली त्याचा तो आणखी एक पुरावा.

ज्यूट गिरण्यांचं दप्तर डंडी विद्यापीठाच्या आर्काइव्हमध्ये आहे, लॉखीतल्या कॅम्परडाउन वर्क्सच्या कॉक्स ब्रदर्सचंही. सगळ्यांना पहिल्यांदा तिथेच जावंसं वाटतं. जाऊ नका, निदान या दोन दिवसांत नको. कंपन्यांनी जपलं ते हिशेब, पत्रव्यवहार, यंत्रांचे आराखडे. हजारो बाया कामाला होत्या, त्यांची नावनिशी फार थोडी उरली आहे. त्याच विद्यापीठाकडे या भागातल्या रुग्णालयांची दप्तरंही आहेत. पुअर लॉच्या वहीत रुग्णालयाचा किंवा वेड्यांच्या इस्पितळाचा उल्लेख आला तर मात्र तिथे वेळ घ्या.

दफन कुठे झालं ते कळलं तर ‘लेअर’ रजिस्टर मागा. थडग्याच्या जागेला इथे लेअर म्हणतात आणि वहीत एका लेअरमध्ये कोणकोण पुरलंय आणि ती जागा कोणाच्या मालकीची ते असतं. पुअरहाऊसमधून दफन झालेल्यांची जागा बहुधा सार्वजनिक असते, शिळा नसते. पण एखाद्या नातलगाने नेऊन आपल्या लेअरमध्ये पुरलं असेल तर त्या मालकाच्या नावावरून माहेरचं अख्खं घर उलगडू शकतं. म्हणून हे सोडू नका.

दोन दिवस असे वाटून घ्या. पहिला पूर्ण दिवस सिटी आर्काइव्ह्ज आणि फक्त पुअर लॉ. पहिली वही १८९९ ची मागवा, कारण ती तारीख तुमच्याकडे पक्की आहे. पुअरहाऊसच्या रजिस्टरमधून तिचा जनरल रजिस्टरमधला क्रमांक मिळाला तर तिथून मागे जाणं सोपं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅल्युएशन रोल आणि शाळा, दुपारी सेंट्रल लायब्ररीतला स्थानिक इतिहासाचा विभाग, जिथे जुनी वर्तमानपत्रं, डिरेक्टऱ्या आणि लॉखीची छायाचित्रं बघता येतील.

सासूबाईंना दुसऱ्या दिवशी न्या. पहिल्या दिवशी नको, आणि ते केवळ थकव्यापायी नाही. इन्स्पेक्टरांची भाषा रोखठोक असते. ‘दारुडी’, ‘चारित्र्य संशयास्पद’, ‘मूल अनौरस’ असे शेरे त्यांनी बेधडक मारले आहेत, आणि त्यांतले काही मदत नाकारायला सोयीचे म्हणूनही मारलेले असत. असं काही निघालं तर तुम्ही आधी शांतपणे वाचून, दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिलेलं बरं. त्यांना सांगायचं ते सगळंच सांगा, लपवू नका, पण त्या पानाचा फोटो रकान्यांच्या शीर्षकांसकट समोर ठेवून सांगा. आणि निघण्यापूर्वी त्यांच्याकडून एक गोष्ट लिहून घ्या : आजीच्या, मावश्यांच्या, चुलत्यांच्या तोंडून ऐकलेली सगळी नावं, टोपणनावांसकट. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, अशी इथली जुनी चाल होती. ती पुरावा म्हणून चालत नाही, पण किरीम्यूरच्या वहीत एकाच आडनावाची तीन विणकर कुटुंबं समोर आली तर कोणतं आधी तपासायचं ते त्या यादीवरून ठरवता येईल.